नाताळची हस्तकला, सोलापूरमधील

नाताळच्या सणानिमित्त घरी, चर्चमध्ये किंवा शाळेत हाताने केल्या जाणाऱ्या शोभेच्या व भेटीच्या वस्तू, तसेच त्या घडवण्याची रीत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत आला असून त्याचे मूळ ‘जन्मासंबंधीचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात तो आगमनकाळ हा या कामाचा मुख्य हंगाम होय. चांदणी, गव्हाणीचा देखावा, शुभेच्छापत्रे, कापडी भेटी आणि फराळ हे प्रकार बहुतेक ठिकाणी आढळतात. सोलापुरात मात्र त्यांना कापूस, सूत आणि ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाचे वळण मिळते. मागाजवळ, शिलाई यंत्राजवळ आणि शेताच्या बांधावर जे उरते त्यातून इथली नाताळची वस्तू उभी राहते, आणि दिवाळीत आकाशकंदील व किल्ला करताना बसलेला हात तिच्या कामी येतो.

मुंबईत १८१३ मध्ये आरंभ झालेल्या अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम अहमदनगरमार्गे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात पोहोचले. मिशनच्या शाळांत मुलींना शिवण, भरतकाम आणि विणकाम शिकवले जाई. मिशनने शहरात किंडरगार्टनही चालवले. किंडरगार्टन ही फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची देणगी असून कागदाच्या घड्या घालणे, रंगीत पट्ट्या एकमेकींत विणणे, पुठ्ठ्यावर टोचून टाके घालणे हे त्याच्या पद्धतीत शिकण्याचेच साधन होते. कागदाच्या चार पट्ट्या एकमेकींत गुंफून केली जाणारी चांदणी जर्मनीत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते व नाताळच्या झाडावर लटकवली जाते. याच काळात शहर गिरण्यांचे होत होते. ‘जुनी गिरणी’ या नावाने लोकांच्या लक्षात राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग घरोघरी नेले. त्यामुळे मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या शहरात सुताची पारख ही कोणा एका समाजाची मिरास राहिली नाही, आणि सणाच्या वस्तू करणाऱ्या ख्रिस्ती घरांनाही ती शेजारातून मिळत गेली.

चांदणी ही या हस्तकलेतील सर्वांत ठळक वस्तू. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या मागी (ज्ञानी) लोकांना बेथलेहेमची वाट दाखवणारा तारा येतो. घराच्या दारावर किंवा गच्चीवर टांगलेली चांदणी त्याचीच खूण असते. जर्मनीतील मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची अनेक टोकांची चांदणी १८३०च्या दशकात नीस्की येथील शाळेत भूमितीच्या पाठातून जन्मली. आपल्याकडील पाचटोकी चांदणीची घडण तिच्यापेक्षा निराळी, आणि फिलिपाइन्समधील ‘पारोल’ या बांबूच्या कंदिलाशी अधिक जुळणारी आहे. तिला सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्या एकमेकींवरून टाकून एक सपाट तारा बांधायचा, उरलेल्या पाचांचा तसाच दुसरा; मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळायची आणि आतल्या पाच फुल्यांपाशी अर्ध्या वितीच्या आखूड काड्या आडव्या तटवायच्या, म्हणजे दोन्ही बाजू फुगून चांदणीला पोट येते. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या आधी पाण्यात भिजवल्या तर या ताणाला मोडत नाहीत. एखादी कामटी दुसरीपेक्षा किंचित जाड राहिली तरी तारा एका अंगाला कलतो, म्हणून तासण्याच्या कामात घाई करणे हीच या कामातली सर्वांत मोठी चूक ठरते.

या सांगाड्यावर कागद चिकटवण्यासाठी पिठाची खळ लागते. सोलापुरात हा शब्द मागाशीही निगडित आहे: ताण्याच्या सुताला बळ यावे म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ देतात. कागदाची खळ पातळ शिजवावी लागते, गुठळी राहिली तर पतंगाच्या कागदावर डाग उमटतो. खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या हाताखालच्या खळीत ते घालू नये. पूर्वी चांदणीच्या आत मेणबत्ती किंवा पणती ठेवावी लागे, त्यामुळे वरचे तोंड मोकळे सोडणे भाग होते. विजेच्या दिव्याने हा धोका कमी झाला आहे. तरी जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब कागदाला टेकणार नाही, एवढे अंतर ठेवावेच लागते.

गव्हाणीचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे उभ्या केलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली, असे मानले जाते. सोलापूर जिल्ह्यात या देखाव्याचे सामान शोधावे लागत नाही. डिसेंबरात शाळू (रब्बी ज्वारी) अजून शेतात उभा असतो, म्हणून गव्हाणीतला कडबा मागल्या हंगामाचा, वाळून पिवळा पडलेला घ्यावा लागतो. उसाचे गाळप मात्र ऐन भरात असल्याने छपरासाठी पाचट ताजे मिळते. ज्वारीच्या धाटाची साल सोलून आतल्या भेंडाला तिच्याच काड्या टोचत बैलगाडी करण्याचा खेळ इथल्या खेड्यांतील मुलांच्या हातचा आहे, आणि तीच युक्ती गोठ्याच्या खांबांना व कुंपणाला चालते. पोळ्याच्या किंवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कारहुणवी या बैलांच्या सणाच्या मातीच्या बैलजोडीतला एक बैल गोठ्यात उभा करता येतो. टेरी टॉवेलच्या कात्रणापासून केलेले मेंढरू विशेष चांगले दिसते, कारण त्या कापडावरचे सुताचे फंदे लोकरीसारखेच भासतात. धनगरांच्या या मुलखात मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा आणि डोक्याला फेटा आला, तर तो परक्या देशाचा पोशाख न राहता ओळखीचा होतो. या नोंदीच्या लेखकाला देखाव्यातील हा फेरफार विकतच्या मूर्तींच्या अख्ख्या संचापेक्षा मोलाचा वाटतो.

लूकच्या शुभवर्तमानात मरीया नवजात बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. जगाच्या पाठीवरील या सर्वांत प्रसिद्ध जन्मकथेत आईच्या हातात वस्तू म्हणून जे येते ते कापड आहे, आणि कापडाच्या शहरात या वाक्याकडे दुर्लक्ष होणे अवघड आहे. देखाव्यातील बाळासाठी वितभर मलमलीचे बाळंते हाताने दुमडून शिवणे हे काम लहान असले तरी घरातील जाणत्या बाईकडे जाते, कारण पातळ कापडाची कड बारीक दुमडली नाही तर धागे सुटतात.

भेटवस्तूंतही कापडच पुढे असते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झालेली आहे. जकार्ड या मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंग उलटतात. म्हणून चादरीच्या तुकड्याची पिशवी किंवा उशीचा अभ्रा शिवताना कोणते अंग बाहेर ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. टेरीचे कापड कापले की कडेचे फंदे झडू लागतात. त्यामुळे त्याला सुती पट्टी लावून कड बंद करावी, आणि टाका नेहमीपेक्षा मोठा घ्यावा, कारण बारीक टाका फंद्यांत बुडून दिसेनासा होतो व पकडही धरत नाही. शहरात तयार कपड्यांचा आणि विशेषतः शालेय गणवेशांचा मोठा व्यवसाय असल्याने निळ्या, खाकी, तपकिरी रंगांची कात्रणे भरपूर निघतात. नाताळच्या लाल-हिरव्या रंगांत ती बसत नाहीत, परंतु त्यांच्या चौकटी जोडून त्यावर एकच लाल पट्टी फिरवली की गोधडीला असा भारदस्तपणा येतो, जो झगमगीत कापडाला येत नाही.

गोधडी, अर्थात वाकळ, ही देण्याच्या वस्तूंत सर्वांत वेळखाऊ आणि म्हणून सर्वांत जिव्हाळ्याची. आतील थराला जुने, धुऊन मऊ झालेले लुगडे किंवा धोतर घालतात, वर ठिगळांची मांडणी करतात आणि कडेपासून आत सरकत धावदोरा घालत जातात. नव्या बाळासाठी त्याच रीतीचे लहान दुपटे होते. ते नाताळात द्यायचे असेल तर हात पावसाळ्यातच लावावा लागतो. आगमनकाळात सुरू केलेली वाकळ पुढच्या नाताळची ठरते. त्यामानाने क्रोशाचा रुमाल, गळपट्टा किंवा चादरीच्या दशांची झालर लावलेली पिशवी चार-सहा संध्याकाळींत पुरी होते.

मराठवाडा व कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या जिल्ह्यात डाळिंबाचे पीक मोठे असून डाळिंबावरील राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. डाळिंबाची वाळलेली साल पाण्यात उकळून, तुरटी दिलेले सुती कापड त्यात घातले की मातकट पिवळा रंग चढतो. लोहयुक्त पाण्याने तोच रंग काळसर हिरव्याकडे झुकतो. साध्या पांढऱ्या कापडाच्या भेटीला घरच्या घरी रंग देण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल.

शुभेच्छापत्रांचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. पहिले छापील व्यापारी नाताळपत्र हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये लंडनमध्ये काढले. हाताने केलेली पत्रे आता मुख्यतः शाळांत आणि चर्चच्या रविवारच्या शाळेत दिसतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद त्यांना उत्तम चालतो. झाडासाठी सुरूची फांदी किंवा पांढरा रंग दिलेली वाळकी फांदी वापरतात, आणि तिच्यावर बर्फ म्हणून कापूस पसरतात.

फराळ हाही हाताचाच भाग मानला पाहिजे. मराठी ख्रिस्ती घरांत केकबरोबर करंज्या, शंकरपाळी, चकल्या व लाडू होतात आणि ताटे शेजारी जातात. दिवाळीत त्याच शेजाऱ्यांकडून ताटे आलेली असतात. परगावी राहणाऱ्या आप्तांना पाठवायच्या भेटीत कुटून केलेली शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी हमखास असते, कारण दोन्ही प्रवासात टिकतात. चटणीला तेल सुटत असल्याने ती आधी बरणीत भरून मग बरणीला कात्रणाची टोपी दोऱ्याने बांधतात. नुसत्या कापडात बांधली तर डाग पडतो.

बाजारात तयार प्लास्टिकच्या चांदण्या स्वस्तात मिळू लागल्यापासून कामट्यांच्या चांदण्यांची संख्या घटली आहे, आणि हे नुकसान केवळ दिखाव्याचे नाही: दहा कामट्या बांधताना मुले ज्याच्याकडून शिकतात त्या थोरल्या माणसाबरोबरची संध्याकाळही तिच्याबरोबर जाते. चर्चमधील भगिनींच्या मंडळांनी एकत्र बसून शिवण्याची व वस्तू गरजू कुटुंबांना देण्याची पद्धत या कामाला अजून आधार देते. सणाचा काळ ६ जानेवारीला, मागी लोकांच्या आगमनाच्या सणाने संपतो. त्यानंतर शहरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू होते. चांदणीवरचा फिकटलेला कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडवला जातो आणि सांगाडा, दोऱ्यांसकट, पोटमाळ्यावर उभा करून ठेवतात. आडवा ठेवला तर वरच्या सामानाच्या भाराने पोटातल्या काड्या निखळतात.