नाव एकच, मुलाखती दोन: अमेरिकी विद्यापीठे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज

बारावीत असताना परदेशातील पदवी अभ्यासक्रमांसाठी अर्ज करणारे पुण्या-मुंबईतील कितीतरी विद्यार्थी एकाच हंगामात अमेरिकेतील काही विद्यापीठांकडे आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजकडेही अर्ज पाठवतात. (या दोहोंपैकी एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो.) दोन्हीकडे मुलाखत असते एवढे कळले की घरात तयारी सुरू होते आणि ती बहुधा एकच असते: ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचे घोटून घेतलेले उत्तर, वक्तृत्व स्पर्धेतील बक्षिसांची यादी आणि आरशासमोरचा सराव. ही तयारी अमेरिकी मुलाखतीला अर्धीमुर्धी उपयोगी पडते आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतीला जवळजवळ मुळीच पडत नाही. अमेरिकी मुलाखतीतून ही मुलगी माणूस म्हणून कशी आहे, हे जाणून घ्यायचे असते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतीतून तिला आपल्या पद्धतीने शिकवता येईल का, हे पाहायचे असते.

समोर कोण बसले आहे, येथूनच हा फरक सुरू होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्जदाराशी बोलणारी व्यक्ती सहसा तिथली माजी विद्यार्थी असते. ती आज वकील असेल, दंतवैद्य असेल, एखाद्या बँकेत अधिकारी असेल. हे काम ती हौसेने आणि विनामोबदला करते. एमआयटीत अशा माजी विद्यार्थ्यांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ असे भारदस्त नाव आहे, परंतु अर्जदाराचे निबंध किंवा गुण त्यांना दाखवले जात नाहीत. भेट एखाद्या कॅफेत, ग्रंथालयात किंवा हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओवर होते, अर्धा-पाऊण तास गप्पा होतात आणि मग ही व्यक्ती एक अहवाल लिहून प्रवेश कार्यालयाकडे पाठवते. निर्णय तिच्या हाती नसतो आणि पुढे अर्जदाराशी तिची पुन्हा गाठ पडण्याचे कारणही नसते.

ऑक्सफर्डच्या मुलाखतीत पडद्यावर दिसणारे दोन-तीन जण त्या विषयाचे अध्यापक असतात. त्यांना तिथे ट्यूटर म्हणतात. त्यांनी अर्ज वाचलेला असतो, प्रवेशचाचणीचे गुण त्यांच्यासमोर असतात आणि निवड करणाऱ्यांत ते स्वतः असतात. ऑक्सफर्डमध्ये ‘ट्युटोरियल’ आणि केंब्रिजमध्ये ‘सुपरव्हिजन’ नावाने ओळखली जाणारी तिथली शिकवण्याची पद्धत अशी आहे की एक अध्यापक आणि एक, दोन किंवा तीन विद्यार्थी समोरासमोर बसतात, विद्यार्थ्याने आठवडाभरात लिहिलेला निबंध किंवा सोडवलेली गणिते पुढ्यात असतात आणि तासभर त्यांची चिरफाड चालते. म्हणजे मुलाखत घेणारा ट्यूटर पुढली तीन-चार वर्षे आपल्यासमोर कोण बसणार हे ठरवत असतो, आणि ते ठरवण्याचा त्याचा मार्ग साधा आहे: तो वीस-पंचवीस मिनिटांची एक शिकवणीच घेऊन पाहतो. गाणे शिकायला आलेल्या मुलीचा गळा पारखताना गुरू तिची प्रमाणपत्रे पाहत नाही. एक तान म्हणून दाखवतो आणि ती कशी उचलते ते पाहतो.

या शिकवणीचे स्वरूप एका उदाहरणावरून चांगले कळते. ऑक्सफर्ड आपल्या मुलाखतींतील काही नमुना प्रश्न प्रसिद्ध करत असते. त्यांत अभियांत्रिकीचा एक प्रश्न असा आहे: तीस सेंटिमीटरची पट्टी दोन्ही हातांच्या एकेका बोटावर आडवी ठेवा आणि बोटे एकमेकांजवळ आणा, काय होईल? वाचकाने हा प्रयोग आत्ताच करून पाहायला हरकत नाही. एक बोट टोकाशी आणि दुसरे मध्याच्या बरेच जवळ ठेवले तर पट्टी कलंडेल असा पहिला अंदाज मनात येतो, परंतु पट्टी पडत नाही आणि बोटे दर वेळी बरोबर मध्यावर येऊन भेटतात. जे बोट मध्याच्या जवळ असते त्यावर पट्टीचा अधिक भार येतो, अधिक भारामुळे तिथले घर्षण वाढते आणि ते बोट अडून राहते. दुसऱ्यावर भार कमी असल्याने तेच सरकते, पण सरकत सरकत ते मध्याच्या अधिक जवळ गेले की पारडे फिरते, ते अडते आणि पहिले सरकू लागते. सरकत्या वस्तूचे घर्षण थांबलेल्या वस्तूच्या घर्षणापेक्षा कमी असते, म्हणून ही अदलाबदल झटक्याझटक्याने होताना डोळ्यांना दिसतेही.

एवढे सांगता आले म्हणजे मुलाखत संपली असे मात्र नाही, किंबहुना ती इथेच सुरू होते. पट्टीच्या एका टोकाला खोडरबर चिकटवले तर बोटे कुठे भेटतील? (गुरुत्वमध्य जिथे सरकला तिथे, पट्टीच्या मध्यावर नव्हे.) मध्यावर भेटलेली बोटे उलट बाहेरच्या दिशेने नेली तर दोन्ही आळीपाळीने सरकतील का? (नाही, जे आधी सरकेल त्यावरचा भार कमी होत जातो, त्यामुळे तेच सरकत राहते आणि दुसरे मध्यावरच थांबते.) ट्यूटर प्रश्न असे एक-एक पायरी वर नेतो आणि कधीतरी अर्जदार अडतोच, कारण तो अडेपर्यंत प्रश्न अवघड करत जाणे हाच तिथला रिवाज आहे. अडल्यावर ट्यूटर सूचक बोलतो, आणि पारख या क्षणी होते: मिळालेला धागा पकडून मूल पुढे जाते, की आपल्या पहिल्या उत्तराला चिकटून राहते? चुकीच्या उत्तरावरून योग्य उत्तराकडे स्वतःहून परतलेला अर्जदार पाठ केलेले बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा वरचढ ठरू शकतो, ही गोष्ट आपल्याकडच्या पालकांना पटवणे फार कठीण जाते.

इतर विषयांतही हेच घडते. लेडीबर्ड हा ठिपकेदार किडा लाल असतो आणि स्ट्रॉबेरीही लाल असते, असे का, हा जीवशास्त्राचा नमुना प्रश्न आहे. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाल्लेल्या मुलाला त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. एक लाल रंग ‘मला खाऊ नका’ म्हणतो आणि दुसरा ‘मला खा आणि बिया दूर नेऊन टाका’ म्हणतो, इथवर तो तर्काने पोहोचू शकतो. भूतकाळाची खेळाविषयीची कागदपत्रे तेवढी उरली आणि बाकी सर्व नोंदी नष्ट झाल्या तर इतिहास किती कळेल, हा इतिहासाचा प्रश्नही याच जातीचा आहे.

आता अमेरिकी बाजू. तिला आपल्याकडे सर्वांत जवळचा प्रकार कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचा आहे. दोन्ही पक्ष एकमेकांना पाहत असतात, कोणी कोणाची परीक्षा घेतो आहे असे उघड म्हणत नाही आणि तरी सगळे लक्षात ठेवले जाते. प्रश्न मोकळे असतात: शाळेबाहेरचा वेळ कशात जातो, अलीकडे कोणत्या गोष्टीवर मत बदलले, हेच विद्यापीठ का. इथे कोणी पट्टी हातात देत नाही, कारण समोरच्या दंतवैद्य बाईंना घर्षणाचे नियम आठवण्याची अपेक्षाच नाही. त्यांना रस असतो तो या मुलाशी बोलताना वेळ कसा गेला यात, आणि अहवालात त्या लिहितात तेही हेच. म्हणून अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नांनाही इथे किंमत असते. ‘तुम्ही तिथे पहिल्या वर्षी काय करून पस्तावलात?’ असा खरा प्रश्न संकेतस्थळावर उत्तर सापडणाऱ्या दहा प्रश्नांपेक्षा अधिक बोलका ठरतो.

दोन्हींचे वजनही सारखे नाही. ऑक्सफर्डला वर्षाला सुमारे २३,००० अर्ज येतात, त्यांतून सुमारे १०,००० जणांना मुलाखतीस बोलावले जाते आणि जागा ३,३०० च्या आसपास असतात. मुलाखतीशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे बोलावणे न येणे म्हणजे नकार. अमेरिकेत बोलावणे न येण्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की त्या शहरात माजी विद्यार्थी पुरेसे नाहीत, आणि ते अर्जाच्या विरोधात धरले जात नाही. जॉर्जटाउनसारखे विद्यापीठ मुलाखत आवश्यक मानते, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस इत्यादी शाखा पदवी प्रवेशासाठी सरसकट मुलाखती घेतच नाहीत. ब्राऊनने माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती थांबवून अर्जदाराने स्वतः पाठवायचा छोटा व्हिडिओ आणला आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने तर मुलाखत हा शब्द सोडून त्या भेटीला ‘संभाषण’ म्हणायला सुरुवात केली. या नामांतरात प्रामाणिकपणा आहे, असे मला वाटते.

अमेरिकी मुलाखतीच्या इतिहासाचा एक भाग मात्र अप्रिय आहे. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी निव्वळ परीक्षेच्या गुणांऐवजी अर्जदाराचे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ जोखण्यास आरंभ केला, तेव्हा अर्जासोबत छायाचित्र मागणे आणि प्रत्यक्ष भेट घेणे ही त्याची साधने होती, आणि परीक्षेत पुढे असलेल्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवणे हा त्यामागचा एक हेतू होता. हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा न्यायालयात आला. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, त्यात वादी पक्षाने मांडलेला एक मुद्दा असा होता की आशियाई वंशाच्या अर्जदारांना प्रत्यक्ष भेटलेले माजी विद्यार्थी व्यक्तिमत्त्वासाठी चांगले गुण देत होते, आणि त्यांपैकी बहुतेकांना कधीही न भेटलेले प्रवेश कार्यालय त्याच सदरात कमी गुण देत होते. त्या आकड्यांच्या अर्थाविषयी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांत मतभेद होते. मात्र माणूस पाहिल्यावर मत सुधारते आणि कागदावरून ते बिघडू शकते, ही शक्यता लक्षात घेतली तर मिळालेली मुलाखत ऐच्छिक म्हणून नाकारू नये असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

तयारीत आपल्या मुलांच्या आड दोन वेगवेगळे संस्कार येतात. ‘आधी विचार कर, मग बोल’ हे लहानपणापासून कानांवर पडलेले वाक्य ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये घात करते, कारण तिथे विचार मोठ्याने करायचा असतो; दोन मिनिटे गप्प बसून दिलेल्या बरोबर उत्तरातून ट्यूटरला काहीच दिसत नाही. म्हणून सरावही तसाच हवा: न पाहिलेले गणित, आलेख किंवा उतारा घ्यावा आणि विषय जाणणाऱ्या शिक्षकासमोर बोलत बोलत सोडवावा. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारावा, त्यात कमीपणा नाही. अर्जात ज्या पुस्तकाचा उल्लेख केला आहे ते मात्र खरोखर वाचलेले असावे. विषयाशी संबंध नसलेली ढाल-तलवार नृत्यातील पारितोषिके तिथे कोणी मोजत नाही.

दुसरा संस्कार स्वतःची स्तुती न करण्याचा. अमेरिकी मुलाखतीत ‘फावल्या वेळात काय करतोस?’ याचे उत्तर आमचा विद्यार्थी ‘काही विशेष नाही’ असे देतो आणि खरेच विशेष असे काही, म्हणजे आजोबांच्या किराणा दुकानाचा हिशेब दोन वर्षे सांभाळणे वगैरे, मनातच ठेवतो, कारण त्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही. इथे सरावाला तज्ज्ञ लागत नाही. ओळखीतल्या, पण आपल्याला फारसे न ओळखणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाशी अर्धा तास बोलणे पुरेसे असते. पालकांनी त्या खोलीत बसू नये.

वेळापत्रकाचा घोळ टाळण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे: ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरची आणि मुलाखती मुख्यतः डिसेंबरच्या पूर्वार्धात असतात, अमेरिकी भेटी आगाऊ अर्जासाठी नोव्हेंबरच्या आसपास आणि नियमित अर्जासाठी फेब्रुवारीपर्यंत चालतात. डिसेंबरात ब्रिटनमधील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडील दुपारचे साडेतीन होतात आणि न्यूयॉर्कमधील सकाळचे दहा म्हणजे रात्रीचे साडेआठ. अमेरिकी भेटीनंतर माजी विद्यार्थ्याला आभाराचे दोन ओळींचे ईमेल पाठवणे हा शिष्टाचार आहे. ऑक्सफर्डच्या ट्यूटरना असे ईमेल पाठवण्याचा प्रघात नाही. त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे आणखी अर्जदार असतात, आणि निकाल जानेवारीतच कळतो.