दमट हवा आणि पुटं चढलेला हुक

गणपतीच्या आधी खिडकीच्या ग्रिलना पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड फवारून ती भट्टीत भाजणं) करून घ्यायला कुडाळच्या एमआयडीसीत गेलो होतो. हुकाला टांगलेल्या ग्रिलला हात लागला आणि तिथल्या पोराला विजेचा सणकून चटका बसला. "आपल्याकडे हवा दमट, करंट साचत नाही," मालक म्हणाले. कोकणात हे अनेकांकडून ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे.

दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून विद्युतभार निघून जातो. म्हणून पुण्याच्या थंडीत स्वेटर तडतडतो, मालवणात सहसा नाही. पण स्वेटरवरचा भार घर्षणातून आलेला, थोडासा. पूड फवारणारी स्प्रे गन तो सतत ओतत राहते. तिच्या टोकाशी ६० हजार ते १ लाख व्होल्ट असतात. पुडीचे भारित कण अर्थ केलेल्या (तारेनं जमिनीशी जोडलेल्या) ग्रिलकडे ओढले जातात, अगदी मागच्या बाजूलाही वळून बसतात. मला या तंत्राचं फार कौतुक आहे.

गनचा प्रवाह मात्र १०० मायक्रोअँपिअरच्या आसपास. एवढ्याशानं काय होणार? दुसऱ्या दिवशी मेगर (मोठा रोध मोजायचं यंत्र) घेऊन गेलो. गन बंद करून, ग्रिलचं उघडं लोखंड आणि अर्थ यांच्यामधला रोध ५०० व्होल्टवर मोजला: ८० मेगाओहम. ग्रिलला अर्थ मिळतो तो हुकातून, आणि त्या हुकावर जुन्या रंगाची पुटं चढली होती. आता शाळेतला ओहमचा नियम लावा. सगळा प्रवाह ग्रिलवर आला तर ८० मेगाओहम गुणिले १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे ८,००० व्होल्ट! ग्रिलची विद्युतधारिता १०० पिकोफॅरड धरली, तर साठलेली ऊर्जा (धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन) ३.२ मिलिज्यूल होते. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ पाव मिलिज्यूलच्या ठिणगीनंही पेटते, आणि शेजारीच थिनरच्या फडक्यानं ग्रिल पुसणं चालू होतं. पावडरच्या ढगाला जास्त ऊर्जा लागते, पण तोही पेटतो.

म्हणूनच हा रोध १ मेगाओहमच्या आत हवा. तेवढ्यावर व्होल्टेज १००च्या वर जात नाही, आणि ऊर्जा वर्गाच्या हिशेबानं हजारो पटींनी घटते. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नये, त्याची बॅटरी काही व्होल्टचीच असते.

खंडेनवमीला गनला हार जरूर घालावा. फवारणीच्या बूथच्या दारावरच्या लिंबू-मिरचीनं मात्र ठिणगी अडत नाही.

गन धरणाऱ्यालाही अर्थ मिळावा म्हणून त्याचा तळवा मुठीच्या धातूला थेट टेकला पाहिजे, रबरी हातमोजा चालत नाही. एक्झॉस्ट पंखा बंद असताना गन सुरूच होऊ नये अशी जोडणी हवी. थिनरचे डबे बूथपासून लांब. खाऱ्या हवेनं अर्थच्या क्लॅम्पखाली गंज धरतो, तो उघडून बघावा. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं.

मालकांनी माझ्यासमोरच कानशीनं हुक खरवडला. पुन्हा मोजलं, काटा शून्याला टेकला.