'स्पॅम आलाय' म्हणजे नक्की काय आलंय?

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही ऑफिसात 'स्पॅम आलाय' एवढंच म्हणतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी बसवतात. एक म्हणजे न मागितलेली जाहिरात: कर्ज घ्या, वेबसाइट बनवून घ्या. दुसरी म्हणजे बँकेच्या, कुरिअरच्या नाहीतर थेट साहेबांच्या नावाने मारलेली थाप. जाहिरात पुसली की विषय मिटतो. थाप पुसली तर पुरावा जातो आणि शेजारच्या टेबलावर तोच मेल कुणीतरी उघडत असतो.

शब्द जुना आहे. मे १९७८मध्ये अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली, तो पहिला स्पॅम मानतात. त्यात फसवणूक नव्हती, नुसता उपद्रव होता. डबाबंद मांसाचं नाव या उपद्रवाला पुढे चिकटलं. पासवर्डसाठी गळ टाकण्याला 'फिशिंग' हा शब्द १९९०च्या दशकात मिळाला, पण आपल्या ऑफिसांत तो रुळलाच नाही.

कायद्यानेही हाच घोळ घातला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८च्या दुरुस्तीत कलम ६६ (अ) आलं आणि ऑक्टोबर २००९पासून लागू झालं. समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी ते बदनाम झालं, पण त्याचं तिसरं उपकलम ईमेलबद्दल होतं: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा मेल कुठून आला याबाबत दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला ईमेल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे जाहिरातवाला आणि ठग एकाच ओळीत.

मग नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरला दोन तरुणींना याच कलमाखाली अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त लाइक केलं होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे इथे ती बातमी घरातल्यासारखी चघळली गेली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खं कलम रद्द केलं. त्यातला काही भाग वेगळा काढून वाचवता येणार नाही, असंही सांगितलं. निकाल योग्यच होता. 'गैरसोय' हा गुन्हा ठरला तर आमच्या सोसायटीचा अर्धा ग्रुप आत जाईल. पण ईमेलचं उपकलमही त्याच फटक्यात गेलं, आणि त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही. नको असलेल्या कॉल-एसएमएसवर दूरसंचार नियम आले, तक्रारीला १९०९ आला. ईमेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. तोतयेगिरी करून फसवलं तर कलम ६६ (ड) आहे, साध्या जाहिरातीला काहीच नाही.

जून २०१७मध्ये न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल सायबर हल्ल्याने ठप्प झालं, तेव्हा आमच्याकडे लोक आठवडाभर मेल उघडायला बिचकत होते. त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, पण भीती बसली ती मेलची.

खरा धोका त्यापेक्षा साधा होता. तुर्भ्यातल्या आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या काकांना नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला: बँक खातं बदललंय, या महिन्यापासून नव्या खात्यात भरा. सही तीच, लोगो तोच, आधीचा पत्रव्यवहारही खाली जोडलेला. पत्त्यात मात्र इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसले होते. चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावल्याशिवाय फरक दिसत नव्हता. काकांनी मेलमधला नंबर सोडून जुन्या बिलावरचा नंबर फिरवला. समोरचा म्हणाला, "कसलं नवं खातं?"

एवढं करून काकांनी तो मेल 'स्पॅम' म्हणून उडवला. आयटीवाल्याला कळलं दोन दिवसांनी. तोवर स्टोअर्समध्येही तसाच मेल येऊन पडला होता. मूळ मेल जोडपत्र म्हणून पुढे पाठवला असता तर त्याचे हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदी, शाबूत राहिले असते आणि तो कुठून निघाला याचा माग काढता आला असता. पैसे गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवावा लागला असता.

२८ एप्रिल २०२२च्या केंद्रीय निर्देशांनुसार फिशिंगसारखी घटना कंपनीने केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायची असते. हे सहा तास मेल आल्यापासून मोजत नाहीत, घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून मोजतात. काकांच्या लेखी तो स्पॅम होता, त्यामुळे आमच्याकडे ते मोजायला कुणी सुरुवातच केली नाही.