फॅड आणि ट्रेंड: सुरुवातीला सेम दिसतात, पण अंदाज बांधताना एकत्र केले की गणित चुकतं

तरुण पोरंपोरी पुढच्या तीन-चार वर्षांत काय घेतील, कसं राहतील, पैसे कशावर उडवतील याचा अंदाज बांधायला बरेच जण निघतात, आणि त्यातले निम्मे एकाच ठिकाणी घसरतात, ते म्हणजे फॅडला ट्रेंड समजतात. उलटं पण होतं बरं का, खरा ट्रेंड डोळ्यासमोर चालू असतो पण तो इतका हळू सरकतो की कोणाला त्याच्याबद्दल बोलावंसंच वाटत नाही. सुरुवातीला दोन्ही सारखेच, थोडे लोक काहीतरी नवीन करायला लागतात, मग त्यांचे मित्र, मग सगळीकडे रील्स, मग बातम्या. नेमकं काय होतं ते नंतर कळतं, पण वेळ आणि पैसा तर आधीच लावायचा असतो.

तर फॅड म्हणजे एखादी ठराविक वस्तू, ॲप किंवा लूक, जो सगळे करतायत म्हणून आपणही करतो. ट्रेंड म्हणजे लोकांच्या वागण्यात झालेला बदल, त्याच्या मागे काहीतरी कारण असतं आणि वस्तू बदलली तरी तो बदल राहतो. मला विचाराल तर सगळा फरक इथेच आहे, फॅड वस्तूला चिकटलेलं असतं आणि ट्रेंड गरजेला.

फिजेट स्पिनर, ते बोटांवर गरगर फिरवायचं खेळणं आठवतंय ना, 2017 च्या एप्रिल-मेमध्ये जिकडे बघावं तिकडे तेच, शाळांनी वर्गात आणायला बंदी घातली, आणि वर्ष संपायच्या आत विषय संपला. त्याच्याही आधी, 1975 मध्ये अमेरिकेत गॅरी डाल नावाच्या जाहिरातवाल्याने साधा गुळगुळीत दगड खोक्यात घालून पाळीव प्राणी म्हणून विकला, सोबत त्याला कसं सांभाळायचं याची पुस्तिका, आणि त्या ख्रिसमसला लाखो दगड खपले. पुढच्या वर्षी कोणी विचारेना. यात विकणाऱ्याचं काही चुकलं असं अजिबात नाही, फॅड तसंच असतं, एकदा गंमत कळली की दुसरा दगड कशाला घ्यायचा.

आता याच्या शेजारी विनाइल रेकॉर्ड, म्हणजे गाण्यांच्या त्या जुन्या काळ्या तबकड्या ठेवा. सीडी आल्यावर रेकॉर्ड संपल्यातच जमा होत्या, आणि 2007-08 च्या सुमारास तरुण लोक परत रेकॉर्ड घ्यायला लागले तेव्हा जवळपास सगळ्यांनी हेच म्हटलं की हे थोड्या हौशी लोकांचं फॅड आहे, वर्षभरात उतरेल. 2008 मध्ये रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांसाठीचा खास दिवस सुरू झाला. त्यानंतर विक्री दरवर्षी थोडी थोडी वाढतच गेली, एकदम उसळी नाही, गाजावाजा नाही, आणि 2020 मध्ये अमेरिकेत विनाइलची कमाई सीडीच्या पुढे गेली, जे 1986 नंतर पहिल्यांदा झालं. 2022 मध्ये नगांच्या हिशोबातही विनाइल पुढे गेलं.

बरं यातली खरी मजेशीर गोष्ट वेगळीच आहे. 2023 मध्ये लुमिनेट या संगीताचा डेटा ठेवणाऱ्या कंपनीने सांगितलं की अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्याच लोकांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे! म्हणजे बाकीचे निम्मे ऐकायला घेतच नाहीयेत. गाणी फोनवर ऐकायची आणि आवडत्या कलाकाराचं काहीतरी हातात धरता येईल, भिंतीवर लावता येईल असं जवळ ठेवायचं. स्ट्रीमिंगमध्ये तुमचं स्वतःचं असं काहीच नसतं, ती पोकळी रेकॉर्डने भरली. जो माणूस फक्त आवाजाची क्वालिटी किंवा जुन्या काळाची आठवण या अंगाने बघत होता त्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण घेणाऱ्या बऱ्याच पोरांनी तो जुना काळ बघितलेलाच नाही.

म्हणून कुठलीही नवीन गोष्ट वर यायला लागली की मी आधी हे बघते की लोक ती नक्की कशासाठी वापरतायत, जाहिरातीत लिहिलंय त्यासाठी की दुसऱ्याच कशासाठी.

कधीकधी फॅड आणि ट्रेंड एकमेकांच्या अंगावर बसलेले असतात आणि तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बीरियल ॲपचंच घ्या. दिवसातून एकदा, कधीही, नोटिफिकेशन यायचं, दोन मिनिटं मिळायची, पुढचा आणि मागचा कॅमेरा दोन्हीने एकाच वेळी फोटो, म्हणजे समोर जे आहे ते आणि तुमचं तोंड जसं असेल तसं. स्वतःचा टाकल्याशिवाय मित्रांचे फोटो बघता येत नाहीत. फिल्टर नाही, तयारी नाही. 2022 मध्ये त्याने धुमाकूळ घातला, ॲपलने त्याला त्या वर्षीचं आयफोनचं सर्वोत्तम ॲप ठरवलं, टिकटॉकने घाईघाईत टिकटॉक नाऊ नावाची कॉपी काढली. मग हळूहळू लोकांना कंटाळा आला, रोज तेच टेबल आणि तोच लॅपटॉप, टिकटॉकने आपली कॉपी 2023 मध्ये बंद केली आणि 2024 च्या जूनमध्ये बीरियल 50 कोटी युरोला वूडू या गेम कंपनीने घेतलं.

तर आता हे फॅड म्हणायचं का? ॲप म्हणून बघितलं तर हो, जवळपास तसंच. पण ज्या गरजेवर ते उभं होतं, म्हणजे हजार अनोळखी लोकांसमोर सजूनधजून येण्यापेक्षा पाच-दहा जवळच्यांना खरंखुरं दाखवणं, ती गरज ॲपच्या आधीपण होती आणि नंतरपण आहे. इन्स्टाग्रामने क्लोज फ्रेंड्स, म्हणजे निवडक लोकांनाच स्टोरी दाखवायची सोय, 2018 लाच आणली होती, आणि त्याचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीच सांगितलंय की किशोरवयीन मुलं फीडपेक्षा स्टोरीजमध्ये आणि स्टोरीजपेक्षा डीएममध्ये, म्हणजे खाजगी मेसेजमध्ये जास्त वेळ असतात. ज्याने 2022 मध्ये अंदाज केला की सगळे बीरियलवर जाणार, तो चुकला. ज्याने म्हटलं की शेअरिंग आता छोट्या खाजगी गटांत सरकतंय, तो बरोबर ठरला, आणि दोघेही एकाच ॲपकडे बघत होते.

वेगाबद्दल पण एक गैरसमज आहे, की जे झपाट्याने वर जातंय ते मोठं होणार. जोना बर्जर आणि गाएल ल मॅन्स या संशोधकांनी 2009 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या बाळांच्या नावांचा शंभर वर्षांचा डेटा तपासला (नावं भारी उदाहरण आहे कारण नाव ठेवायला खर्च नाही आणि जाहिरात करणारी कंपनी पण नाही) आणि त्यांना दिसलं की जी नावं पटकन लोकप्रिय होतात ती पटकनच मागे पडतात. कारण असं की होणाऱ्या आईबापांना एकदम वर चाललेलं नाव फॅड वाटतं, आणि आपल्या पोराचं नाव चार वर्षांनी जुनं वाटायला नको म्हणून ते टाळतात. म्हणजे वेगच त्या गोष्टीला मारतो. ग्राफ सरळ उभा दिसला की लोक खूश होतात, मी उलट सावध होते.

ग्राफवरून आठवलं, गूगल ट्रेंड्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तिथला 0 ते 100 हा आकडा किती लोकांनी सर्च केलं ते सांगत नाही, तुम्ही निवडलेल्या काळात आणि जागेत जो सगळ्यात वरचा टप्पा त्याला 100 धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतो. एखादी अगदी किरकोळ गोष्टपण तिच्या शिखरावर 100 च दाखवणार. शिवाय नुसतं कुतूहल म्हणून सर्च करणारे आणि खरंच रोज वापरणारे यात तिथे काही फरक दिसत नाही. काळ बदलून 2004 पासूनचं चित्र एकदा तरी बघा, तीन महिन्यांत जे पर्वतासारखं दिसतं ते वीस वर्षांत टाचणीएवढं असतं.

तरुणांच्या बाबतीत अजून एक गोष्ट जोरात काम करते, ती म्हणजे ओळख. काय घालतो, काय वापरतो यातून मी कोण आणि मुख्य म्हणजे मी कोण नाही ते सांगायचं असतं. 2004 नंतर कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठीचे ते पिवळे लिव्हस्ट्राँगचे रिस्टबँड आले होते, त्यावर तेच बर्जर आणि चिप हीथ या संशोधकांनी स्टॅनफर्डच्या एका हॉस्टेलमध्ये प्रयोग केला. आधी एका हॉस्टेलच्या मुलांना बँड दिले, मग शेजारच्या अभ्यासू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉस्टेलला दिले. ते अभ्यासू लोक घालून फिरायला लागले तसे पहिल्या हॉस्टेलमधल्या जवळपास एक तृतीयांश लोकांनी आपले बँड काढून ठेवले. बँडमध्ये काहीच बदललं नव्हतं! जी गोष्ट फक्त ओळख दाखवण्यावर जगते तिला तिच्याच यशाचा धोका असतो, चुकीच्या माणसाच्या हातात दिसली की खेळ खल्लास. सोशल मीडियावर दर दोन महिन्यांनी येणारे ते नवनवीन नावांचे लूक, कॉटेजकोअर (खेड्यातल्या साधेपणाचा) काय नि मॉब वाइफ (फर कोट आणि ठसठशीत दागिन्यांचा) काय, त्यांचं आयुष्य छोटं असतं ते याच्यामुळेच. ज्या गोष्टीने रोजचं काहीतरी सोपं होतं ती मात्र शेजारच्याने वापरली म्हणून कोणी टाकून देत नाही.

मग कुठली वस्तू हिट होणार ते सांगता येतं का? माझं स्पष्ट मत, नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यापासून जरा लांबच राहा. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, 14,000 च्या वर लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला आणि डाउनलोड करायला दिली, पण लोकांना वेगवेगळ्या समांतर गटांत टाकलं आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात कुठलं गाणं किती डाउनलोड झालं ते दिसत होतं. गाणी तीच, लोक तसेच, पण गटागणिक हिट बदलत गेलं. अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत आणि चांगली सहसा तळाला गेली नाहीत, पण मधलं सगळं सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय क्लिक केलं त्यावर ठरलं. म्हणजे फॅडचा अंदाज जवळपास नशिबावर आहे, ट्रेंडचा अंदाज मात्र मेहनत केली तर बांधता येतो.

मेहनत कुठे करायची, तर कंटाळवाण्या आकड्यांत. अमेरिकेत 1983 मध्ये 16 वर्षांच्या मुलांपैकी साधारण 46 टक्क्यांकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं, 2014 पर्यंत ते 25 टक्क्यांच्या खाली आलं. तीस वर्षं चाललेला बदल, एकही व्हायरल व्हिडिओ नाही, आणि गाड्या, विमा, घरं, फिरणं सगळ्यावर त्याचा परिणाम. तसंच दारूचं, गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत 18 ते 34 वयाचे अमेरिकन जे कधीतरी का होईना दारू पितो म्हणतात ते 2001-03 मध्ये 72 टक्के होते, 2021-23 मध्ये 62 टक्के झाले.

पण इथेपण घाई नको. लायसन्सच्या बाबतीत मध्येच 1990 च्या दशकापासून तिथल्या राज्यांनी नवशिक्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याचे कडक नियम आणले, म्हणजे घसरणीचा काही भाग आवडीचा नाही, नियमाचा आहे. नियम बदलला की असा ट्रेंड वळू शकतो. आणि दुसरं, तरुण असं वागतात म्हणजे ही पिढीच तशी आहे असं लगेच धरू नका, कदाचित ते वयच तसं असेल, नोकरी-मूल-घर झालं की तेही आधीच्या लोकांसारखेच वागतील. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने 2023 मध्ये जाहीरच केलं की आजचे तरुण आणि त्याच वयातले आधीचे तरुण यांची तुलना करता येत असेल तरच आम्ही पिढ्यांवर बोलू. मला हे फार पटलं, कारण जेन झी असं नि जेन झी तसं म्हणून जे काही फिरतं त्यातलं बरंच फक्त विशीचं वर्णन असतं.

फॅड म्हणजे वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. फॅडमध्ये पण पैसा आहे, फक्त त्याचा धंदा वेगळा, माल कमी भरायचा, लवकर शिरायचं, मागणी जोरात असतानाच निघायचं. फॅडसाठी कारखाना टाकला तर मेलात, आणि ट्रेंड हातात असताना चार महिन्यांत रिझल्ट नाही म्हणून सोडून दिलं तर तेवढंच नुकसान.

अलीकडचं उदाहरण म्हणजे लबुबू, ती दात दाखवणारी केसाळ बाहुली. कासिंग लुंग या चित्रकाराने 2015 मध्ये हे पात्र काढलं, पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीने 2019 पासून त्याच्या बाहुल्या आणल्या, आणि 2024 मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसाने बॅगेला लटकवल्यावर सगळीकडे तेच. खोक्यात कुठली बाहुली आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, रांगा, रीसेलमध्ये (म्हणजे घेऊन परत विकताना) चढे भाव, फॅडची सगळी लक्षणं. पण त्याच्या खाली मोठ्यांनी स्वतःसाठी खेळणी घेणं हा प्रकार कितीतरी जुना आहे, लेगोने 2020 मध्येच 18 प्लस लिहिलेले सेट काढले होते, आणि सर्काना या डेटा कंपनीच्या हिशोबाने 2024 च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत खेळण्यांच्या विक्रीत 18 वर्षांवरच्या लोकांनी 3 ते 5 वयाच्या पोरांनाही मागे टाकलं. माझा अंदाज असा की ही बाहुली उतरेल आणि मोठ्यांची खेळणी राहतील. मी नजर ठेवून आहे ते एकाच गोष्टीवर, रीसेलचा भाव पडल्यावरसुद्धा दुसरी-तिसरी बाहुली घेणारे किती उरतात, कारण भाव चढा असताना घेणाऱ्यांवरून काहीच कळत नाही, पडल्यावर घेणारे लोक बाहुलीसाठीच घेत असतात, आणि ते भरपूर निघाले तर लबुबूबद्दलचं माझं मत मला बदलावं लागेल.