बटणवाला आयपॅड की बिनबटणाचा?

दुकानाच्या काचेवर दोन आयपॅड शेजारीशेजारी ठेवले होते. दोन्ही वापरलेले, दोन्ही ६४ जीबी, दोन्ही नुसते वायफायवाले. मावसबहिणीची मुलगी यंदा आर्किटेक्चरला गेली, तिच्यासाठी बघायला मी आणि ती अशा आम्ही दोघी गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही सेमच आहेत. एकाला बटण आहे, एकाला नाही, एवढंच." मग किमतीत सहा हजारांचा फरक कशाला? "नवीन मॉडेल आहे ना!"

त्याला तरी काय बोलणार. दोन्हींच्या पाठीवर नुसतं 'आयपॅड' एवढंच कोरलेलं असतं. एअर नाही, प्रो नाही, आकडा तर नाहीच. नंबर आपण मागाहून लावायचे. गोल बटणवाला तो नववा, सप्टेंबर २०२१ चा. ज्याचं बोटाचा ठसा घेणारं बटण वरच्या कडेला गेलं तो दहावा, ऑक्टोबर २०२२ चा. ॲपलच्या सगळ्यात स्वस्त टॅब्लेटच्या या दोन लागोपाठच्या आवृत्त्या. नवे मिळायचे बंद होऊनही "कुठला घेऊ" हा प्रश्न काही थांबलेला नाही, कारण सेकंडहँड बाजारात आज हेच दोन समोरासमोर येतात.

आधी किमतीचा इतिहास, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. नववा भारतात ३०,९०० रुपयांना आला होता. दहावा आला तो थेट ४४,९०० ला, आणि त्याच सुमारास नवव्याचीही किंमत वाढून ३३,९०० झाली. नवं आलं की जुनं स्वस्त होतं, हा आपला नेहमीचा हिशोब. इथे जुनंही महाग आणि नवं त्याहून महाग. मधलं अंतर ११,००० चं. नवव्यासोबत ९,५०० ची ॲपल पेन्सिल घेतली तरी बेरीज ४३,४००, म्हणजे नुसत्या दहाव्यापेक्षा दीड हजाराने कमीच. तेव्हा ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी नववा घ्यायला सांगितलं. मग मे २०२४ मध्ये ॲपलने नववा बंद केला आणि दहावा ३४,९०० वर आणला. यंत्र तेच, एक स्क्रूही बदललेला नाही, आणि माझा सल्ला मात्र उलटा झाला. म्हणून "दहावा चांगला आहे का" या प्रश्नाला मी अजूनही आधी "केवढ्याला मिळतोय?" असंच विचारते.

आता ते दहा-अकरा हजार नेमके कशाचे होते ते बघू. पहिलं उत्तर मिळतं ते मोठ्या स्क्रीनचं: १०.२ इंच विरुद्ध १०.९. हे आकडे टीव्हीसारखे तिरके मोजलेले असतात, त्यामुळे त्यांवरून हाताला काही लागत नाही. मी पिक्सेलवरून लांबी-रुंदी काढली. दोन्हींत इंचाला २६४ पिक्सेल, म्हणजे अक्षरांचा रेखीवपणा सारखाच. नववा २१६० गुणिले १६२०, दहावा २३६० गुणिले १६४०. भागाकार केला की दिसतं, वाढ जवळजवळ सगळी लांबीत आहे. लांबीला पाऊण इंच मिळालं, रुंदीला जेमतेम दोन मिलिमीटर. सिनेमा बघणाऱ्याला याचा चांगलाच फायदा, चित्राचं क्षेत्रफळ एकोणीस-वीस टक्क्यांनी वाढतं.

पण मला जास्त मजा वाटली ती ए४ पानाची. एमपीएससीच्या नोट्स, सरकारी जीआर, सोसायटीची इतिवृत्तं, आपल्याकडे पीडीएफ म्हटलं की ए४. नवव्याची स्क्रीन ए४ पेक्षा बसकी आहे. पान उभं पूर्ण दिसावं म्हटलं की ते अंग चोरून बसतं आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या रिकाम्या राहतात. दहाव्याचा आकार ए४ च्या जवळपास मापाचा आहे, पान कडेपासून कडेपर्यंत पसरतं. छापील पानाच्या तुलनेत नवव्यावर अक्षर साधारण सत्तर टक्के दिसतं, दहाव्यावर पंचाहत्तर. ऐकायला क्षुल्लक वाटतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला दोन्ही हातांत धरायला सांगा, तो न विचारता दहावा उचलेल.

एका बाबतीत मात्र नव्याने काहीच सुधारलं नाही. दोन्हींत वरची काच आणि आतली स्क्रीन यांच्यात हवेची बारीक फट आहे. पेन्सिलने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो आणि रेघ टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी वाटते. महागड्या आयपॅड एअरमध्ये ही फट नसते. फायदा इतकाच की काच तडकली तर बहुतेकदा नुसती काच बदलून भागतं, स्क्रीन जात नाही. लहान मुलांच्या घरात ही गोष्ट विसरू नये.

पेन्सिलचं प्रकरण म्हणजे एक तमाशाच आहे. नवव्याला चालते ती पहिली ॲपल पेन्सिल. मागचं टोपण काढायचं, आतला लाइटनिंग पिन (लाइटनिंग म्हणजे ॲपलची स्वतःची जुनी जोडणी) आयपॅडच्या खोबणीत खुपसायचा. पेन्सिल अशी बाहेर डोकावते की येताजाता कुणाचा तरी धक्का लागणार, पण मिनिटभरात चार्ज होऊन निदान पुढचं अर्धं व्याख्यान निभावतं. दहाव्याला लाइटनिंग गेलं, यूएसबी-सी आलं. चांगलंच झालं, फोनचा नि लॅपटॉपचा चार्जर त्यालाही चालू लागला. पण पेन्सिल तीच ठेवली, पहिली! मग ती लावायची कशी? एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला लाइटनिंग अशी खोबण असलेला एक चिमुकला तुकडा मधे घालायचा. म्हणजे आयपॅडला केबल, केबलला तुकडा, तुकड्याला पेन्सिल. तो तुकडा सुपारीएवढा आहे आणि सुपारीइतक्याच सहज हरवतो. बरं, चुंबकाने कडेला चिकटून चार्ज होणारी दुसरी पेन्सिल? ती या दोघांपैकी कुणालाच चालत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलने यूएसबी-सीवाली पेन्सिल काढली, ७,९०० रुपयांना. ती दहाव्याला साध्या केबलने चार्ज होते, कडेला चिकटूनही राहते. नवव्याला चालत नाही. आता यातली मेख ऐका. या नव्या, स्वस्त पेन्सिलला दाब कळत नाही. पेन्सिल तिरकी धरलेली तिला समजते, पण जोरात टेकवली म्हणून रेघ जाड होत नाही. जुन्या पेन्सिलला दाब कळतो. म्हणजे चित्र काढणाऱ्याला जुनीच चांगली, नोट्स लिहिणाऱ्याला नवी पुरते. आणि नुसत्या नोट्सच लिहायच्या असतील तर बाजारात दीड-दोन हजारांच्या इतर कंपन्यांच्या पेन्सिली दोन्ही आयपॅडवर चालतात, मीही तसलीच वापरते. सेकंडहँड पेन्सिल मात्र जपून घ्या. महिनोन्‌महिने चार्ज न करता ड्रॉवरमध्ये पडून राहिली की तिची बॅटरी कायमची मान टाकते आणि बाहेरून काही कळत नाही.

आता हेडफोनचा जॅक. नवव्याला आहे, दहाव्याला नाही. परीक्षणं लिहिणारे यावर एक ओळ खर्च करून पुढे जातात. मी जाणार नाही, कारण माझी एक मावशी मिरजेला गाण्याचा क्लास चालवते.

मिरज म्हणजे तानपुऱ्यांचं गाव, तिच्याही घरी दोन आहेत. पण सकाळी सात ते दुपारी बारापर्यंत एकामागून एक बॅच येतात, पोरींच्या पट्ट्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या, आणि दर वेळी तारा जुळवत बसायला वेळ कुणाला असतो? म्हणून कोपऱ्यात जुना स्पीकर, त्याला काळी वायर, वायरीचं दुसरं टोक टॅब्लेटला, आणि टॅब्लेटवर तानपुऱ्याचं ॲप. काळी चार म्हटलं की काळी चार. हाच सगळा थाट दहाव्यावर मांडायचा तर जॅकसाठी वेगळा तुकडा घ्यायला हवा. तो काही फार महाग नसतो. खरी अडचण पुढे येते: खोबण एकच. त्यात स्पीकरचा तुकडा बसला की चार्जर कुठे लावणार? मग दोन्ही एकदम घेणारा हब आणा, तोही जपा. "मग ब्लूटूथ लाव की" असं मी एकदा म्हणून बसले होते. तेव्हा तिने मला ऐकवलं होतं की ऐन आलापात कुण्या पालकाचा फोन त्याच स्पीकरला जोडला गेला आणि सबंध बॅचने भूप सोडून कसल्याशा रीलचं गाणं ऐकलं. वायरीला असले पाहुणे येत नाहीत.

कॅमेऱ्यात दहावा सरळ सरस आहे, आणि तो मागच्या कॅमेऱ्यामुळे नव्हे. टॅब्लेटने फोटो काढणारी माणसं लग्नात बघितली आहेत मी, त्यांना सल्ल्याची गरज नसते. मुद्दा पुढच्या कॅमेऱ्याचा. दोन्हींत तो १२ मेगापिक्सेलचा, दोन्हींत तुमच्या हालचालीमागोमाग चौकट सरकते. पण नवव्यात तो आखूड कडेला आहे. आयपॅड आडवा टेकवून व्हिडिओ कॉल केला की कॅमेरा एका बाजूला जातो आणि बोलणारा माणूस कायम शेजाऱ्याकडे बघत असल्यासारखा दिसतो. न्यू जर्सीतला नातू आजोबांना "इकडे बघा ना" म्हणतो, आणि आजोबा बिचारे त्याच्याच चेहऱ्याकडे बघत असतात. दहाव्यात कॅमेरा लांब कडेच्या मधोमध आणला आहे. रोज क्लास किंवा कॉल असणाऱ्यांना हे एक कारण पुरेसं आहे.

वेगाचं थोडक्यात सांगते. नवव्यात ए१३ चिप, दहाव्यात ए१४. रॅम ३ जीबी आणि ४ जीबी. रोजच्या कामात फरक जाणवतो तो फक्त एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परत आल्यावर, नववा पान पुन्हा उघडायला लावतो. आयपॅड चालवणारी प्रणाली आयपॅडओएस, तिची २०२५ ची आवृत्ती २६ दोघांवरही चालते, पण पुढे कधीतरी नव्या आवृत्त्यांचं दार बंद होईल तेव्हा ते आधी नवव्यासाठी होईल, हे उघड आहे. यूएसबी-सीमुळे दहाव्याला पेनड्राइव्ह थेट लागतो, ही सोय मोठी. फाइली मात्र भराभर सरकतील अशी आशा नको. खोबण नवी असली तरी आतला वेग जुन्या यूएसबी २ चाच आहे.

घरात आधीपासून काय पडलंय तेही बघायला हवं. सातवा किंवा आठवा आयपॅड असेल तर त्याचं कव्हर नवव्याला बसतं. लाइटनिंगची केबल आणि जुनी पेन्सिल असेल तर नववा त्या घरात सून म्हणून लगेच रुळतो. सगळं यूएसबी-सी झालं असेल तर त्याच्या एकट्यासाठी वेगळी केबल सांभाळणं हा रोजचा वैताग. आणि दहाव्यासाठीचा ॲपलचा कीबोर्ड घ्यायचा विचार असेल तर थांबा. तो २४,९०० ला निघाला होता. तेवढे पैसे आणि आयपॅडचे पैसे एकत्र केले तर लॅपटॉपच्या दुकानात मानाने जाता येतं.

हे सगळं मी तिथेच उभ्याउभ्या भाचीला सांगत होते, आणि दुकानदार आमच्याकडे असा बघत होता की आता या निघतील तर बरं. शेवटी तिनेच फोनवर एक आकडा काढून दाखवला. मार्च २०२५ मध्ये दहाव्याचा पुढचा भाऊ आला, ए१६ चिपवाला. अंग तेच, स्क्रीन तीच, कव्हरही तेच बसतं, पेन्सिलीही त्याच. पण सुरुवातच १२८ जीबीपासून, आणि किंमत ३४,९००. दहावा ६४ जीबीत मिळायचा तेवढ्यालाच. मेमरी कार्ड घालायची सोय कुठल्याच आयपॅडला नाही, त्यामुळे आर्किटेक्चरच्या पाच वर्षांना ६४ जीबी पुरवणं म्हणजे डब्यात जत्रेचं सामान कोंबणं. वापरलेला दहावा नव्या ए१६ पेक्षा निदान दहा-बारा हजारांनी स्वस्त मिळत नसेल तर त्याच्या वाटेला जायचं कारण उरत नाही. काचेवरचा तसा नव्हता. तिने नवीन घ्यायचं ठरवलं.

बटणवाला मात्र मी तिथेच घेतला. घेताना सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून मॉडेल नंबर पाहिला. ए२६०२ म्हणजे नववा वायफाय, दहाव्याचा ए२६९६. जुन्या मालकाचं ॲपल खातं काढलंय याची खात्री केली. ते राहिलं तर हातात नुसता काचेचा पाट उरतो. बॅटरी किती उरलीय हे या दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये दिसत नाही, म्हणून अर्धा तास तिथेच व्हिडिओ चालवून आकडा किती घसरतो ते बघितलं. दुकानदाराने तेवढ्यात आम्हाला चहा पाजला, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

रात्री मिरजेला फोन केला. चिप, रॅम, स्क्रीन, सगळं सांगून झालं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली काळी वायर बसते ना गं त्याला?"