दारूकोठारावर वीज का पडली?

सिंहगडावर पुणे दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला दगडी दारूकोठार लागतं. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली. गडावरच्या फडणीसांचं घर उद्ध्वस्त झालं, घरातली सगळी माणसं गेली. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाकडे वीज ओढली जाते अशी जुनी समजूत आहे. त्यामुळे असा प्रसंग निघाला की ‘कुणीतरी पायाळू असणार’ असं म्हणणारं अजूनही भेटतं. पायाळू असण्याचा आणि विजेचा काडीइतकाही संबंध नाही. ही समजूत आता टाकून द्यायला हवी.

बंदुकीच्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो, त्यामुळे ही दारू बंद खोलीतही पेटते आणि कोंडल्यामुळे उलट अधिक जोरात उडते. म्हणून कोठार दगडी बांधायचं, आत मशाल न्यायची नाही. बाहेरची आग दगड अडवतो. वीज मात्र अडवत नाही.

याचं गणित शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे: प्रवाह गुणिले रोध (वाटेतला अडथळा) म्हणजे विद्युतदाब. विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअर प्रवाह असतो. जमिनीत उतरण्याच्या वाटेचा रोध १० ओहम धरला, तर विद्युतदाब ३ लाख व्होल्ट होतो. सिंहगडावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा बसाल्ट. तिथे रोध १०० ओहम धरला तर दाब ३० लाख व्होल्ट! कोरड्या हवेचं एक मीटर अंतर फोडायला साधारण एवढाच दाब लागतो. म्हणजे भिंतीतल्या ओलीतून उतरणारी वीज मध्येच वाट सोडून शेजारच्या कडी-बिजागरीवर किंवा माणसावर उडी घेऊ शकते. शिवाय दगडाच्या भेगांतलं पाणी क्षणात वाफ होऊन दगड फोडतं.

उपाय, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी सळई, सापडला तो पुढच्याच वर्षी. मे १७५२ मध्ये फ्रान्समधल्या मार्ली इथे, अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेनुसार उभारलेल्या लोखंडी सळईतून ढगातल्या विजेच्या ठिणग्या काढून दाखवल्या. तरीही १७६९ साली इटलीतल्या ब्रेशिया शहरात साठवलेल्या दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. मग इंग्लंडमधल्या परफ्लीटच्या दारूकोठारांसाठी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने समिती नेमली, त्यात फ्रँकलिन आणि इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश दोघेही होते. १७७७ साली तिथल्या सळई बसवलेल्या एका इमारतीवर वीज पडली खरी, पण किरकोळ पडझडीवर निभावलं.

सळई वीज परतवून लावते हा आणखी एक गैरसमज. ती विजेला कमी रोधाची वाट देते, बस्स. म्हणून खरी मेहनत वरच्या टोकावर नाही, जमिनीखाली आहे. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून ओल धरायची आणि खडक असेल तर तांब्याच्या पट्ट्या लांबवर पसरायच्या.

आपल्याकडे मुसळधार जुलैपेक्षा मेमधल्या वळवाच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या ढगांत विजा जास्त असतात. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर असू द्या. गडावर गडगडाट ऐकू आला की लगेच खाली निघा, आणि पावसात आडोसा म्हणून झाडाच्या बुंध्याला किंवा जुन्या दगडी भिंतीला टेकून उभे राहू नका.