सामुदायिक प्रार्थनालेखन

सामुदायिक प्रार्थनालेखन : एकत्र जमलेल्या उपासकांनी एका सुरात म्हणावी, किंवा एकाने म्हणून इतरांनी तिला दुजोरा द्यावा, अशा प्रार्थनेची गद्य वा पद्य रचना. स्तोत्र, आरती, भजन यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे. मात्र रचनाकाराला येथे स्वतःचे नव्हे, तर समुदायाचे मागणे मांडायचे असते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांचे उपासक एकाच शहरात असल्याने सोलापुरात या रचनेचे काही प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतात.

लिखित प्रार्थनेचा उगम : ख्रिस्ती उपासनेत प्रार्थना लिहून ठेवण्याची प्रथा केव्हा पडली, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. इ.स. १५० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने रोममधील उपासनेचे वर्णन केले आहे. त्यानुसार सभेचा प्रमुख आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करी आणि लोक ‘आमेन’ म्हणून ती आपलीशी करत. हाती लेखी मजकूर असल्याचा उल्लेख त्यात नाही. ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात नमुन्याच्या प्रार्थना आहेत, पण बिशपने नेमके तेच शब्द उच्चारले पाहिजेत असे नाही, अशी मुभाही त्यातच दिली आहे. हा ग्रंथ पूर्वी रोममधील धर्मगुरू हिप्पोलिटसचा आणि इ.स. २१५ च्या आसपासचा मानला जाई. अलीकडचे बरेच अभ्यासक तो निरनिराळ्या काळांतील थरांचे संकलन मानतात, त्यामुळे त्यावर बेतलेली कालगणना जपूनच वापरावी लागते. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील धर्मपरिषदांनी बाहेरून उतरवून आणलेल्या प्रार्थना जाणत्या बंधूंना दाखवल्याशिवाय वापरू नयेत, असे ठरवले. असा नियम करावा लागला, यावरून लिखित प्रार्थनांची देवघेव तोवर चांगलीच वाढली होती असे अनुमान निघते. आरंभी एकच मूळ पाठ होता आणि पुढे त्याला फाटे फुटले, हे मत जुने आहे. आरंभी विविधता होती आणि संकलनातून हळूहळू एकसारखेपणा आला, हे दुसरे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते.

घाट : पाश्चात्त्य परंपरेतील छोटी सामुदायिक प्रार्थना लॅटिन संग्रहांतून आली आणि १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मर याने तिला इंग्रजी रूप दिले. तिचे पाच भाग मानतात : देवाला संबोधन, त्याच्या एखाद्या गुणाचा वा कृतीचा निर्देश, मागणे, त्या मागण्यामागचा हेतू आणि ख्रिस्ताच्या द्वारे समारोप. हा सगळा घाट एकाच वाक्यात बसवलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘जो तू... त्या तुला’ अशी जोडणी करत गेले, की मागणे नेमके काय आहे ते कळेपर्यंत म्हणणाऱ्याचा श्वास संपतो. जुन्या भाषांतरांचा क्लिष्टपणा बराचसा यातूनच आला आहे. संबोधन व गुणनिर्देश एका वाक्यात, मागणे दुसऱ्यात आणि हेतू तिसऱ्यात, अशी फोड केली तर घाट टिकतो आणि समुदायाला ती एकत्र म्हणताही येते. मागण्यासाठी मराठीत ‘होवो’, ‘मिळो’, ‘राहो’ ही रूपे तयार आहेत. त्यांत आज्ञेचा सूर नाही आणि ती स्वरान्त असल्यामुळे समूहाच्या तोंडी एकदम उमटतात.

याहून नाजूक प्रश्न सर्वनामांचा आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. प्रार्थना देवाला उद्देशून असल्याने तिच्यात ‘आम्ही’ हवे. ‘आपण प्रार्थना करू या’ हे वाक्य चालकाने लोकांना उद्देशून म्हटलेले असते, म्हणून तिथे ‘आपण’ योग्य ठरते. ‘हे प्रभो, आपण सर्वांनी एकमेकांवर प्रेम करावे’ असे लिहिले, की देवही उपदेश घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि प्रार्थनेचे प्रवचन होते. हौशी रचनांत हा दोष वारंवार आढळतो. त्यात ‘आपण’ आदरार्थी मध्यमपुरुषही असल्याने घोटाळा दुप्पट होतो. विठ्ठलाला ‘तू’ म्हणण्याची संतांची रीत ख्रिस्ती रचनाकारांनीही उचलली. तिच्यामुळे हा घोटाळा टळतो, हा तिचा व्याकरणिक फायदा. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, त्यामुळे तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या वस्तीतील भजनाचा मजकूर मराठीत आणताना अडचण येत नाही. आधुनिक कन्नडात मात्र दोन्हींसाठी ‘नावु’ हे एकच रूप आहे आणि उर्दूतही ‘हम’ एकच. तेथून मराठीत येताना निवड भाषांतरकारालाच करावी लागते.

मराठीतील पूर्वपीठिका : मराठीतील सामुदायिक प्रार्थना मिशनऱ्यांच्या उपासनेवरून आली, की ती वारकरी नामसंकीर्तनाचाच विस्तार आहे, हा वाद प्रार्थना समाजापासून (स्थापना १८६७) चालत आला आहे. समाजाची रविवारची सभा, तिच्यातील प्रार्थना व प्रवचन यांचा क्रम ख्रिस्ती उपासनेशी जुळतो. बंगालमधील ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईत येऊन गेल्यावर त्या समाजाचा प्रभावही पडला. रानडे आणि भांडारकर यांनी मात्र समाजाचे नाते संतांच्या भागवत धर्माशी जोडले. सभेचा क्रम बाहेरून आणि शब्दकळा संतांकडून आली, असे मानणे वस्तुस्थितीला अधिक धरून दिसते. सोलापूर जिल्ह्यात या समाजाचे नाव प्रार्थनेपेक्षा सेवाकार्याने राहिले. पंढरपूरचे अनाथ बालकाश्रम (१८७५) त्याच्याशी संबंधित आहे.

पसायदानाचा या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचा काळ शके १२१२ (इ.स. १२९०) असा सामान्यतः धरतात. या नऊ ओव्यांत मागणारा एकवचनी आहे, ‘मज द्यावें’ असे म्हणणारा. मागणे मात्र सर्वांसाठी आहे. ग्रंथसमाप्तीची ही प्रार्थना शाळा-सभांत समूहाने म्हणण्याचा प्रघात आधुनिक काळातला. जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह सत्यशोधक पूजाविधी प्रसिद्ध केला. जमलेल्या लोकांना कळेल अशा मराठीत विधीचा मजकूर हेतुपूर्वक लिहिण्याचा तो ठळक प्रयत्न होय.

सोलापुरातील ख्रिस्ती मंडळी : १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचे सोलापूर हे एक महत्त्वाचे केंद्र होते. हे मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा पंथाचे. त्यात ठरीव प्रार्थनापुस्तकाचे बंधन नव्हते, पाळक उत्स्फूर्त प्रार्थना करी. साहजिकच समुदायाचे पाठ असलेले शब्द गद्यात कमी आणि गीतांत अधिक राहिले. आधीची बरीच गीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरे होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्यानंतर नारायण वामन टिळक (बाप्तिस्मा १८९५) यांच्या रचनांनी देशी वळण रूढ केले. ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांची पदे मोठ्या संख्येने आहेत. अभंगाची निवड केवळ भावनिक नव्हती. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या व तिसऱ्यात यमक. हा साचा टाळावर बसतो आणि अक्षरओळख नसलेल्यालाही दोन आवर्तनांत पाठ होतो. १९७० मध्ये नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळींची ठरीव उपासना आणि मिशनच्या मंडळींची मोकळी प्रार्थना एका छताखाली आल्या.

पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या येथील कॅथलिक मंडळींसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज (१९६३) निर्णायक ठरला. लोकभाषेला वाव मिळाला आणि श्रद्धावंतांची प्रार्थना, म्हणजे एकाने विनंत्या वाचाव्यात आणि लोकांनी प्रत्येकीला प्रतिसाद द्यावा अशी प्रार्थना, पुन्हा सुरू झाली. तिचा क्रम असा : चर्चच्या गरजा, राज्यकर्ते व जग, पीडित लोक, स्थानिक समुदाय. दर आठवड्याला नव्याने काही लिहिण्याला खरी जागा आज इथेच आहे. चांगली विनंती एका वाक्याची असते आणि प्रतिसाद बदलत नाही; लोकांच्या हातात कागद नसतो, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

अन्य परंपरा : सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर (सिद्धराम) यांच्या यात्रेत मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी सम्मती कट्ट्यावर होणाऱ्या अक्षता सोहळ्यात वाचली जाणारी ‘सम्मती’ ही काटेकोरपणे प्रार्थना नव्हे. कुंभारकन्येचा सिद्धरामांच्या योगदंडाशी विवाह झाला, या आख्यायिकेशी जोडलेले ते विवाहवचन आहे. तरी समुदायाचा वाटा कसा आखावा, याचा तो जुना नमुना मानता येईल. लांब मजकूर एकजण वाचतो आणि ठरावीक बोलांवर हजारो हात अक्षता टाकतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ या घोषात कन्नड, तेलुगू, मराठी असा भेद उरत नाही. सिद्धराम बाराव्या शतकातील वचनकार (कन्नड वचनांचे रचनाकार) असले, तरी सम्मतीचा प्रचलित पाठ थेट त्यांच्या काळाशी जोडणे धाडसाचे ठरेल.

बौद्ध वंदनेत मागणे नसते. त्रिशरण-पंचशील पालीतच ठेवले गेले आणि डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये ‘बौद्ध पूजापाठ’ संकलित केला. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत सामुदायिक प्रार्थनेवर स्वतंत्र अध्याय आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण करणाऱ्या साने गुरुजींचे ‘खरा तो एकचि धर्म’ शाळांच्या परिपाठात प्रार्थना म्हणून म्हटले जाते. त्यात देवाला संबोधन नाही, मागणेही नाही. वरील पाच भागांच्या कसोटीवर ते प्रार्थनेत मोडत नाही, पण म्हणणाऱ्यांनी ही कसोटी कधी मानलेली नाही.